बिरूचा पाय

पालम, ३ ऑगस्ट

बिरू,

तिसऱ्या रिंगला फोन कापायची तुझी सवय आता मला पाठ झाली आहे, म्हणून कागद घेतला. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस. भज्यांच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हतास तू. पत्ता आपल्या वाडीतल्या बजरंगनं दिला. एप्रिलच्या छाटणीला तो ओझरला आला होता, त्यानं तुला द्राक्षाच्या बागेत ओळखलं आणि तू त्याला ओळख दिली नाहीस, हेही त्यानं सांगितलं.

मी शालू. तुझ्याहून दहा मिनिटांनी मोठी, आणि ती दहा मिनिटं मी अजून सोडलेली नाहीत.

रडगाणं गायला लिहीत नाही. एकोणीस वर्षांत ते गाऊन झालं. एक गंमत चालू आहे आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून भागत नाही. जूनपासून माझी बदली आपल्याच वाडीच्या शाळेत झालीय. चौथीचा वर्ग. पालमहून रोज येते-जाते. एका सकाळी शाळेच्या दारातून मांजर गेलं आणि माझी एकवीस पोरं पायरीवर तशीच थांबली. कुणीतरी दुसऱ्यानं आधी ओलांडावं म्हणून वाट बघत होती. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आजीनं. आजीला कुणी सांगितलं? तिच्या आजीनं. मी म्हणाले, चला, धरूया ह्या आज्यांना.

तेव्हापासून एक वही केलीय. वहीचं नाव ‘पहिलं कोण म्हणालं?’ एका पानावर एक समज. पोरांनी गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडं जायचं आणि हे कशावरून निघालं ते विचारायचं. बिरू, तुला काय सांगू, चाळीस पावलांवर इतकं धन पडलं होतं आणि मी वीस वर्षं पाठ्यपुस्तक वाचून दाखवत होते.

दिवेलागणीला केर काढला की लक्ष्मी जाते ना? पोरांनी तुझ्या-माझ्या मायला विचारलं. माय म्हणाली, “लक्ष्मी कशाची जाती? मपल्या डोरल्याचा मनी गेला व्हता. चिमणीच्या उजेडात दिसला न्हाई, केरासंगं उकिरड्यावर गेला. तवापासून म्या लेकीला सांगितलं लक्ष्मी जाती. मनी जातो म्हनलं तर ऐकलं नसतं तिनं.” रात्री शीळ घालू नये, साप येतो, हे पान बानं भरलं. तुला खरं वाटणार नाही, बा पोरांशी बोलला. म्हणाला, “लांडगा आला की शीळ घालायची, मेंढक्याचा कायदा हाय. लेकरं उगी शीळ घालायली तर खऱ्या शिळंला कोन उठंल?” एवढं बोलून परत गप्प. पाठीत पार वाकलाय बिरू. काठीशिवाय उठत नाही आणि कुणाला तेलाचा हात लावू देत नाही.

आमच्या व्यंकटराव हेडसरांना मात्र प्रत्येक समजामागं शास्त्रीय कारण पाहिजे. लिंबू-मिरची दारावर टांगली की त्यातलं जीवनसत्त्व हवेत मिसळतं, असं त्यांना मोबाइलवर आलंय. मी म्हणाले, सर, ही अंधश्रद्धा ताजी आहे, हिला वेगळं पान देते. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता सोळावं पान. पोरांनी त्यावर काय लिहिलं असेल ते तू ओळखलं असशील. ‘पायाळू माणूस.’ जो पायाकडून जन्मला तो पायाळू. त्यानं पाठीला पाय लावला की चमक जाते, तो रानातून चालला की पाणी सापडतं, आणि ढग गडगडले की वीज त्याला शोधत येते. खाली कंसात लिहिलं होतं, ‘आपल्या गावात एक होता.’

बिरू, तू आठवलास, पाच वर्षांचा, अंगणात पालथ्या पडलेल्या आबासाहेबांच्या पाठीवर पाय ठेवून खिदळणारा. आबासाहेब म्हणजे साऱ्या वाडीचा कारभारी, ज्याच्यापुढं बा चप्पल काढून उभा राहायचा, तो तुझ्या पायाखाली. आणि ढग वाजले की माय तुला घरात लोटून वरून घोंगडी टाकायची.

त्या दिवसाचं मी काही लिहीत नाही. मी घरी होते, त्यामुळे डोळ्यांनी बघितलेलं माझ्याकडं काहीच नाही. हिवराच्या झाडाखाली चौदा मेंढरं गेली आणि बा चार माणसांत तुला म्हणाला, तू तिथं गेलास म्हणून वीज आली, एवढं साऱ्या गावाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू गेलास.

पुढच्या रविवारी सोनपेठला जाते. लक्ष्मीबाई सुईण तिथं लेकीकडं असते. नव्वदी गाठलीय म्हणतात. आपल्या दोघांना ह्या जगात तिनंच ओढलं. सोळावं पान तिच्याशिवाय भरायचं नाही.

शालू


पालम, १० ऑगस्ट

बिरू,

आधी पाणी पी. मग वाच. मी तीन तांबे पिऊनच लिहायला बसले. सोनपेठहून परत येताना एस.टी.त एकटीच हसत होते, शेजारची बाई पिशवी घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली.

लक्ष्मीबाईचा एक डोळा गेलाय, कान मात्र शाबूत. मला आवाजावरून ओळखलं. मी वही काढली आणि विचारलं, पायाळूत देव असतो हे पहिलं कोण म्हणालं? म्हातारी म्हणाली, “मपल्या सासूनं सांगितलं. तवा दवाखाना कुठं व्हता बाई? लेकरू पायाकडनं आलं की माय जायची न्हाईतर लेकरू. कदी दोनी. त्यातनं एखांदं जगलं तर लोक म्हनायचे, ह्यात कायतरी हाय. मरनाच्या दारातून पायी चालत आलं, त्याच्या पायात गुन आसल.”

“मग वीज कशाला?”

“देवाच्या हातातून निसटलेलं ते. देव वापस मागंल, असं भ्या लोकायला.”

मी भराभरा लिहून घेत होते. बिरू, सोळा पानांत इतकं चांगलं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. भीतीला कौतुकाचं कापड शिवलं होतं लोकांनी, आणि कौतुकाच्या आत पुन्हा भीती. मी खूश होऊन म्हणाले, “आणि आमच्या बिरूला तुम्हीच काढलं ना पायाकडून?”

म्हातारी हसली. तोंडात एकही दात नाही. “बिरू? आगं बिरू डोस्क्याकडनं आला, सरळ, साबनावानी. पाय तर तुपले आले आदी.”

आणि मग तिनं तोंडाला पदर लावला.

मी पायाळू आहे. बिरू, मी. तू नाहीस आणि कधीच नव्हतास.

ही ओळ मी तिसऱ्यांदा लिहिली, आधीचे दोन कागद फाडले. आता हिशेब कर. आबासाहेबांची चमक कुणाच्या पायानं गेली? बजरंगच्या बापाची? पार पोखर्णीहून बैलगाडीत झोपून आलेल्या त्या गुरवाची, जो जाताना गाडीपुढं चालत गेला? ती सगळी माणसं एका साध्या, सरळ, डोक्याकडून आलेल्या पोराच्या पायानं बरी झाली. झोपून राहिली म्हणून बरी झाली असतील, कुणीतरी आपुलकीनं पाठीवर पाय ठेवला म्हणून झाली असतील, मला ठाऊक नाही. पण पायाळूच्या पायानं झाली नाहीत, हे पक्कं. तू सात विहिरींच्या जागा दाखवल्यास, चार लागल्या, तीन कोरड्या. आता कळलं ना तीन कोरड्या का.

आणि मी? अस्सल पायाळू. लोखंडी दांड्याची छत्री घेऊन, गडगडाटात, दीड कोस शाळेला जात होते. सात वर्षं. वीज माझ्या डोक्यावरून रोज गेली असेल, पण तिला कुणी माझा पत्ताच दिला नव्हता.

मला नाचावंसं वाटतंय. असं पक्कं पान कुणाच्या वहीत नसेल. उद्या मायला गाठते.

तुझी पायाळू बहीण,
शालू


वाडी, १२ ऑगस्ट

बिरू,

माय अंगणात तूर निवडत बसली होती. मी सरळ म्हणाले, लक्ष्मीबाईनं सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला.

सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “लेकीच्या दारात रोज परकी मानसं येऊन पालथी पडली आसती. तुला ते चाललं आसतं? आन त्या साली खबर व्हती, गुप्तधनवाले पायाळू पोरगी हुडकत फिरायलेत म्हनून. म्या लक्ष्मीबाईच्या पाया पडले, पोराचं नाव सांग म्हनून. पोराला कोन उचलून न्हेतंय? वाटलं चार नारळ मिळतील त्याला.”

“आणि वीज?”

“ईजंचं मला कदीच भ्या न्हवतं. मला ठाव व्हतं ना तो पायाळू न्हाई ते.”

“मग ढग वाजले की त्याला कोंडायचीस कशाला?”

माय माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच वेडी आहे. “लोक बगायचे की. कोंडलं नसतं तर कळलं नसतं का?”

बिरू, मला आधी हसू आलं, मग हिशेब लागला. पावसाळ्याचे चार महिने तू दाराआड आणि मी शाळेत. मी मास्तरीण झाले, तू सातवीतून घरी बसलास. तुझ्यापेक्षा माझं डोकं चांगलं होतं म्हणून नाही. पाढे मला तूच शिकवलेस. माझ्या वाट्याचं दार तू लावून घेतलंस आणि मी तुझ्या वाट्याच्या रस्त्यानं चालत गेले. दोन दिवस ज्याच्यावर मी नाचत होते ते हे होतं.

मी मायला म्हणाले, शुक्रवारी पंधरा ऑगस्टला पोरं सगळ्या गावापुढं वही वाचणार आहेत. चार माणसांत बिरूला बोल लागला, चार माणसांतच तो निघाला पाहिजे. तू उठून सांग. सांगितलंस तर मी त्याला पत्रात तसं लिहीन आणि कदाचित तो येईल.

ती म्हणाली, “सांगते की. मला आता कशाची फिकीर हाय? पन सांगितलं की ते बालंट तुपल्यावर येतंय. त्या दिशी झाडाखाली तू बी व्हतीस.”

आता कळलं ना मी आज शाईचा पेन का घेतला. खोडता येऊ नये म्हणून.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी घरी होते. ते वाचून तू कागद बाजूला ठेवला असशील, हे मला लिहितानाच माहीत होतं, तरी लिहिलं. एकोणीस वर्षं इतक्या वेळा सांगितलंय की हाताला सवय झालीय. मी घरी नव्हते. घरी तू होतास, घोंगडीखाली. दसऱ्याच्या सुट्टीत मी आले होते, बाला भाकरी द्यायला रानात गेले, बा आधीच पाणी आणायला ओढ्यावर गेला होता आणि पाऊस आला. मेंढरं भिजायला लागली म्हणून मी ती हिवराखाली नेली. रानात ते एकच झाड. मला वाटलं मी हुशारी केली.

तू दारातून बघितलंस आणि धावत आलास. “झाडाखालून निघ” म्हणून ओरडत. जन्मभर विजेच्या नावानं कोंडलेल्या माणसाला वीज आमच्यापेक्षा जास्त कळत होती. आधी मला ओढून बांधाच्या चरात लोटलंस. मग आत गेलास, बावीस मेंढरं हाकलून बाहेर काढलीस. चौदा राहिली.

बा आला तेव्हा तू मेंढरांत उभा होतास आणि मी चरातच, त्याला न दिसणारी. तो जे बोलला ते बोलला. मी तोंड उघडणार होते बिरू, हे खरं मान. पण तू माझ्याकडं बघून मान हलवलीस, नको म्हणून. तुझ्या त्या मानेवर मी एकोणीस वर्षं काढली. तू जाशील हे मला तेव्हा कळलं नाही, आणि गेल्यावर बोलायची हिंमत राहिली नाही.

वीज पायाळूमुळं पडली नाही, पण मेंढरं तिथं माझ्यामुळं होती. हेही शुक्रवारी सांगणार आहे. आत्ता रात्रभर धीर टिकला तर बरं, म्हणून पत्र आजच टाकते. टाकलं की मागं फिरता येणार नाही.

शालू


वाडी, १६ ऑगस्ट

बिरू,

झालं.

झेंडा झाला, जिलेबी वाटली, हेडसरांचं भाषण झालं. पोरांनी वही वाचली. मायच्या डोरल्याच्या मण्यावर बायका लोळल्या. शीळ आणि लांडगा आला तेव्हा सगळ्यांनी वळून बाच्याकडं बघितलं, तो निंबाला टेकून बसला होता. मग सोळावं पान आलं आणि माय उठली.

माहेरच्या लग्नातसुद्धा कधी चार माणसांपुढं न बोललेली बाई. पदर घट्ट धरून उभी राहिली आणि म्हणाली, “मपला बिरू पायाळू न्हवता. पायाळू ही शालू हाय. त्या दिशी झाडाखाली बी हीच व्हती. मीच खोटं बोलले. लेकीला वाचवाया लेकाला बदनाम केलं.” आणि खाली बसली. झालं भाषण.



आबासाहेब उठले. पंच्याऐंशीचे झालेत, आवाज तसाच. “मंजे त्या दिशी पायाळू तिथंच व्हती म्हना की. ईज हिच्यामुळंच आली.” दोन-चार माना हलल्या. हेच होणार हे मला माहीत होतं, उत्तरही पाठ केलं होतं, उंच झाड, ओली माती, सगळं. एक शब्द आठवेना.

माय बसल्या जागेवरून म्हणाली, “बरं आबासाहेब. मंग तुमची चमक कुनाच्या पायानं गेली? सात येळा पालथे पडलात मपल्या आंगनात. शालूचा पाय तर तुमाला कदी लागला न्हाई.”

बिरू, तू हवा होतास. मागून बजरंग म्हणाला, “आबा, नारळ वापस मागा.” आणि सगळी शाळा हसली. आधी बाया, मग पोरं, मग गडी. ज्यांची पाठ तुझ्या पायाखाली आली होती ते सगळ्यात जास्त. शेवटी आबासाहेबही हसले, पाठीवर हात ठेवून. दोन्ही गोष्टी खऱ्या धरता येत नाहीत, एवढं त्यांना कळलं. वीज ठेवायची तर चमक सोडावी लागते.

त्या हसण्यात माझी जीभ सुटली. मी म्हणाले, मेंढरं झाडाखाली मी नेली होती. बिरू ती काढायला आला होता. मला त्यानं आधी काढलं. एवढंच सांगितलं, बाच्याकडं बघूनच सांगितलं.

बा काठी टेकून उठला आणि घराकडं चालू लागला. मागं वळला नाही. मी संध्याकाळी गेले तर भिंतीकडं तोंड करून पडला होता. आज पालमला परतलेच नाही, इथंच थांबलेय. तो जेवतो, पण बोलत नाही. माझ्यावर राग असेल, तो असू दे. तुझाही असू दे, तो तुझा हक्क आहे, त्यातून काही कमी करून मागत नाही. पण त्याचं काय चाललंय ते मला कळेना.

शालू


वाडी, १८ ऑगस्ट

बिरू,

आज सकाळी बानं स्वतः अंगणात घोंगडी अंथरली. मोठी, काळी, तुझ्यावर टाकायचो ती. आणि तिच्यावर पालथा पडला. मायला वाटलं चक्कर आली. धावत गेलो तर म्हणाला, “कागद हाय का तुज्याकडं?”

मी वही घेऊन मातीत बसले. त्यानं सांगितलं तसं लिहिते, माझा एक शब्द नाही.

“लिव. बिरूला बाचा रामराम. पाठीत चमक भरली हाय.”

मी विचारलं, कधीपासून?

“एकोनीस वर्सं झाली.”

माय तोंड फिरवून आत गेली. मी मास्तरीण ती मास्तरीण, म्हणाले, “बा, बिरू पायाळू नाही. शुक्रवारी साऱ्या गावानं ऐकलं. त्याच्या पायात काही नाही.”

बा घोंगडीत तोंड घालून पडलेला, तसाच म्हणाला, “मला ठाव हाय. पन पाय त्याचाच पायजे.”